बाजार आधी, गिरणी मागाहून : सोलापूरच्या व्यापारी इतिहासाचा आढावा

सोलापूरच्या इतिहासाचा विषय निघाला की बोलणं थोड्याच वेळात गिरणीच्या भोंग्यावर येतं आणि तिथेच थांबतं. जुनी मिल, नरसिंगगिरजी, लक्ष्मी-विष्णू, जाम ही नावं घराघरांत अजून जिवंत आहेत. ज्यांच्या आजोबांनी साच्यावर रात्रपाळी केली, त्यांना गाव म्हणजे गिरणी असं वाटणं अगदी साहजिक आहे. पण हिशेब मांडून पाहावा. पहिल्या गिरणीची कंपनी स्थापन झाली १८७४ मध्ये, प्रत्यक्ष सूत निघू लागलं १८७७ मध्ये, आणि विसावं शतक संपता संपता बहुतेक मोठ्या गिरण्या थंड पडल्या. म्हणजे जेमतेम सव्वाशे वर्षांचा हा काळ. गाव मात्र निदान आठ-नऊशे वर्षांचं आहे. मग गिरणीच्या आधी इथं काय होतं, आणि मुंबईच्या भांडवलदाराला गिरणी काढायला हेच गाव का सापडलं? माझ्या मते सोलापूर हे मुळात बाजाराचं गाव आहे. गिरण्यांनी त्याला मोठं केलं हे खरंच, पण त्या गिरण्यांना इथं आणलं ते आधीपासून उभ्या असलेल्या बाजाराने. हा क्रम उलटा लावला की गावाचा भूतकाळही कळत नाही आणि आजचं सोलापूरही कळत नाही.

व्यापारी गावांना सहसा बंदर असतं, नाहीतर मोठी नदी. सोलापूरला दोन्ही नाही. सीना काही कोसांवरून जाते, भीमा त्याहून लांबून. पाऊस बेभरवशाचा, आसपास काळी जमीन, तिच्यात ज्वारी आणि कापूस. गावापाशी आहे ती फक्त जागा. पश्चिमेला पुणे, पूर्वेला हैदराबाद, दक्षिणेला शंभरेक किलोमीटरवर विजापूर, उत्तरेला तुळजापूरवरून मराठवाडा, आणि आग्नेयेला कलबुर्गी. दख्खनच्या पठारावरचे हे रस्ते इथं एकमेकांना छेदतात. लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्य लादून कोकणाकडे उतरायचे आणि मीठ घेऊन वर चढायचे. त्या फेऱ्यांना मधे मुक्कामाची, पाण्याची आणि मालाच्या अदलाबदलीची गावं लागत. शिवाय इथं मराठी, कन्नड आणि तेलुगू या तीन भाषांचे मुलूख एकमेकांच्या अगदी जवळ येतात, आणि दखनी उर्दू सगळ्यांमधून फिरते. अशा गावात एकाच भाषेत धंदा करून भागत नाही. आजही सोलापुरातला पेठेतला दुकानदार समोरच्या गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघून भाषा बदलतो, आणि त्यात आपण काही विशेष करतोय असं त्याला वाटतही नाही.

पाण्याची सोय केली ती सिद्धरामेश्वरांनी, बाराव्या शतकात. बसवेश्वरांच्या काळातले हे शिवयोगी. त्यांचं नाव ज्या तळ्याला आहे ते आजही गावाच्या मधोमध आहे. या तळ्याकडे आपण भक्तीच्या नजरेने बघतो, आणि बघावंच. पण कोरडवाहू मुलखात बारमाही पाण्याचा साठा म्हणजे रस्त्यावरच्या प्रत्येक तांड्याला थांबण्याचं कारण, ही बाजूही विसरू नये. संक्रांतीला नंदीध्वज निघतात, अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो, संमती कट्ट्यावर अक्षता पडतात. त्याच दिवसांत होम मैदानावर जी यात्रा भरते तिला सगळे गड्डा म्हणतात. देवाचा उत्सव आणि बाजार असे हातात हात घालून चालणं दख्खनला नवं नाही. पण इथं ते इतकं खोलवर मुरलं आहे की गड्ड्याच्या पाळण्यात न बसलेला सोलापूरकर शोधून सापडायचा नाही.

तळ्याच्या काठाला लागूनच भुईकोट किल्ला आहे. बहमनी काळात त्याची बांधणी झाली आणि बहमनी राज्य फुटल्यावर तो नगरची निजामशाही आणि विजापूरची आदिलशाही यांच्यातलं कायमचं भांडण होऊन बसला. १५२४ च्या सुमारास बुऱ्हाण निजामशहाशी विजापूरच्या राजकन्येचं लग्न झालं तेव्हा सोलापूर हुंड्यात द्यायचं ठरलं होतं. ते दिलं गेलं नाही, आणि त्यावरून पुढची कित्येक वर्षं लढाया झाल्या. चाळीस वर्षांनी चित्र उलटं झालं. १५६४ मध्ये चांदबीबीचं लग्न अली आदिलशहाशी झालं आणि या वेळी नगरने किल्ला विजापूरला आंदण दिला. त्याच सोयरिकीतून विजयनगरविरुद्धची एकजूट उभी राहिली आणि १५६५ ची तालिकोटची लढाई झाली. किल्ल्यासाठी एवढी ओढाताण का, तर तो ज्याच्या हातात त्याच्या हातात रस्ते आणि रस्त्यांवरची जकात. पुढे १६८५-८६ मध्ये विजापूरला वेढा पडला तेव्हा औरंगजेबाची छावणी सोलापुरात होती. बादशाही छावणी म्हणजे चालतं शहर. तिला धान्य, चारा, कापड, तेल, चामडं रोज लागायचं. असा लवाजमा जवळ येऊन बसला की गावाचे हाल होतात आणि पुरवठा करणारे व्यापारीही तयार होतात.

याच काळात पश्चिम किनाऱ्यावर डच होते. त्यांच्या कंपनीने विजापूर दरबाराशी बोलणी करून १६३७ मध्ये वेंगुर्ल्याला वखार घातली. हेतू मुख्यतः पोर्तुगीजांच्या गोव्याची कोंडी करण्याचा. गोव्यासमोर उभ्या राहणाऱ्या डच जहाजांना पाणी आणि शिधा वेंगुर्ल्याहून मिळे. महाराष्ट्रात डच व्यापारी गाव म्हणायचं तर ते वेंगुर्ला. शिवाजी महाराजांच्या कोकण मोहिमा, मोगलांची जाळपोळ आणि शेवटी १६९६ मध्ये सावंतवाडीच्या खेम सावंतांनी वखार लुटणं, एवढ्यात त्या वखारीची कथा संपते. सोलापूरला डच आले नाहीत. पण ज्या आदिलशाहीने वेंगुर्ल्याचा परवाना दिला तिच्याच मुलखात सोलापूर होतं, आणि किनाऱ्यावरच्या प्रत्येक वखारीमागे घाटमाथ्यावरच्या अशा बाजारगावांची साखळी उभी होती. पूर्वेकडे तर डच आणखी आत शिरले होते. मछलीपट्टणला ते १६०५ पासून होते आणि १६६९ मध्ये त्यांनी तेलंगणात नागुलवंचा इथं वखार काढली, तिथल्या कापडासाठी आणि निळीसाठी. विणकरांच्या ज्या मुलखाने सातासमुद्रापार गिऱ्हाइकं मिळवली, त्याच मुलखातून दोनशे वर्षांनी हजारो विणकर सोलापूरला आले. तो धागा पुढे येईलच.

अठराव्या शतकात गाव निजामाकडे होतं आणि शतकाच्या अखेरीला पेशव्यांकडे आलं. पेठा वसल्या, वारांचे बाजार ठरले. पेशव्यांनी विणकर आणून वसवल्याची हकीकत इथं सगळे सांगतात. काही घराणी तेव्हा आलीही असतील, पण आज जो विणकर समाज गावाच्या पूर्व भागात भरून राहिला आहे तो मुख्यतः रेल्वेनंतरचा, असं माझं मत आहे. १८१८ च्या फेब्रुवारीत आष्टीच्या लढाईत पेशव्यांचे सेनापती बापू गोखले पडले आणि मे महिन्यात इंग्रज सेनानी मन्रोने सोलापूरचा किल्ला घेतला. नगरपालिका १८५२ मध्ये आली, म्हणजे रेल्वेच्या आणि गिरणीच्या आधी. कसब्यातली, चाटी गल्लीतली, बाळीवेशीतली वस्ती तेव्हाच दाट होती. पेढ्या होत्या, हुंड्या चालत होत्या, भुसार आणि कापडाचे अडत्ये होते.

रेल्वेपाशी जरा थांबायला हवं, कारण सगळी कलाटणी इथं आहे. जीआयपी रेल्वे बोरघाटाच्या वर पुण्याहून पुढे सरकत १८६० मध्ये सोलापूरला पोचली. आणि मग थांबली. दक्षिणेकडचं काम १८६५ मध्ये सुरू झालं आणि रायचूरला गाडी जाईपर्यंत १८७१ उजाडलं. मधली ही वर्षं सोलापूर लोहमार्गाचं टोक होतं. निजामाच्या मुलखातला, विजापूर-कलबुर्गीकडचा जो माल मुंबईला जायचा तो बैलगाड्यांतून सोलापूरला यायचा, इथं वजन व्हायचा, इथल्या अडत्याच्या वहीत चढायचा आणि मग वॅगनमध्ये भरला जायचा. मुंबईहून येणारा माल उलट्या वाटेने जायचा. त्यात काळही असा जुळून आला की १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या बाजारात कापसाचे भाव आकाशाला भिडले. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि मुंबईत सट्टा कोसळला, मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. पण सोलापूरला तोवर जे मिळायचं ते मिळालं होतं. गाड्या ठेवायला जागा, गोदामं, दलाल, तोलाई, हमाल, आणि मुख्य म्हणजे सोलापूरला माल नेला की उठतो ही दूरवरच्या शेतकऱ्याची आणि व्यापाऱ्याची खात्री.

या बाबतीत बार्शीची तुलना नेहमी उपयोगी पडते. कापसाची आणि गळिताच्या धान्याची बार्शीची पेठ मोठी होती, पण मुख्य मार्ग तिच्या बाजूने गेला. ज्या स्थानकाला पुढे कुर्डुवाडी म्हणू लागले त्याचं नाव बार्शी रोड होतं, एवढ्यावरून बार्शीचं महत्त्वही कळतं आणि तिची गैरसोयही. १८९७ मध्ये अडीच फुटी रुंदीची बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. नंतर ती पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत गेली. तोवर सोलापूर सदतीस वर्षं पुढे निघून गेलं होतं. याच छोट्या रेल्वेच्या बांधकामाच्या कंत्राटात फाटक नावाच्या कंत्राटदाराबरोबर भागीदारी करून ज्या तरुणाने धंद्यात पाऊल टाकलं तो सोलापूरचाच. वालचंद हिराचंद. त्यांचं दोशी घराणं मूळ गुजरातचं, सोलापुरात रुजलेलं, व्यापार करणारं. पुढे वालचंदांनी जहाजांची कंपनी काढली, विमानांचा कारखाना काढला. समुद्र नसलेल्या गावाचा माणूस जहाजांत पडला याचं अनेकांना नवल वाटतं. मला वाटत नाही. सोलापूरच्या पेढीवर बसणाऱ्याचा मुंबईच्या बंदराशी रोजचा संबंध होता.

आता गिरणीकडे. पहिली गिरणी, म्हणजे जुनी मिल, काढणारे मोरारजी गोकुळदास हे मुंबईचे भाटिया व्यापारी. त्यांच्या नावाची मुरारजी पेठ सोलापुरात आजही आहे. मुंबईत गिरण्या असताना त्यांनी भांडवल सोलापूरला का आणलं? कापूस दाराशी होता, जमीन आणि मजुरी स्वस्त होती, दुष्काळी मुलखात काम मागणारे हात पुष्कळ होते, हे सगळं बरोबर. त्यापलीकडचं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. त्या काळातली देशावरची गिरणी ही आधी सुताची गिरणी असे. ते सूत विकत घेणारा हातमागवाला सोलापुरात गल्लोगल्ली होता. म्हणजे गिरणीचं पहिलं गिऱ्हाईक गिरणीच्या आवाराबाहेर आधीच बसलेलं होतं, आणि त्याला सूत उधार देऊन त्याचं कापड उचलणारा व्यापारीही होता. गिरण्यांनी हातमाग मारला असं आपण शाळेपासून ऐकतो. सोलापुरात दोघं कितीतरी काळ एकमेकांच्या आधाराने जगले.

नंतरच्या गिरण्यांचा पैसा कुठून आला हे पाहिलं की गावाची भौगोलिक जागा पुन्हा समोर येते. नरसिंगगिरजी मिल काढणारे राजा नरसिंगगिरजी हे हैदराबादच्या गोसावी सावकारांपैकी. निजामाच्या राज्यातली सावकारीची पुंजी इंग्रजी मुलखात, रेल्वेच्या काठावर, पण हैदराबादला जवळ अशा ठिकाणी गुंतवायची तर सोलापूरसारखी जागा दुसरी नव्हती. पश्चिमेकडून मुंबईचा भाटिया आणि पूर्वेकडून हैदराबादचा गोसावी, दोघांचं भांडवल या एका गावात आलं. स्थानिक लिंगायत व्यापारीही मागे नव्हते. मल्लप्पा उर्फ अप्पासाहेब वारद यांनी बांधलेली इंद्रभुवन ही इमारत पाहावी. एका व्यापाऱ्याच्या हौसेतून उभं राहिलेलं ते घर पुढे महापालिकेचं कार्यालय झालं. गावाचा कारभार व्यापाऱ्याच्या वाड्यातून चालावा, यापेक्षा सोलापूरचं खरं रूप सांगणारी गोष्ट मला माहीत नाही.

विणकरांचा विषय सर्वांत समृद्ध आणि सर्वांत कमी लिहिला गेलेला. साळी, कोष्टी, मोमीन, कुरहीनशेट्टी, तोगटी, नीलकंठ आणि संख्येने सर्वांत मोठा पद्मशाली समाज. पद्मशाली आले तेलंगणातून, करीमनगर, वरंगल, नलगोंडा, मेहबूबनगरकडून. तिकडचा दुष्काळ, सावकारी आणि वेठ, इकडचं सूत, पेठ आणि रेल्वे. एक घर यायचं, मग त्याचा भाऊ, मग मेव्हणा. साखर पेठ, दाजी पेठ, भद्रावती पेठ, कन्ना चौक, अशोक चौक हा सगळा पूर्व भाग तेलुगूत बोलतो, मराठीत व्यवहार करतो. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो तेव्हा हा भाग रस्त्यावर येतो.

या लोकांनी नऊवारी लुगड्यांचा मोठा बाजार हाताशी धरला. गिरणीचं लुगडं स्वस्त असलं तरी काठ, पदर आणि रंग यांत हातमागवाला वेगाने बदल करायचा. डग्लस हेन्स या अमेरिकी इतिहासकाराने २०१२ च्या आपल्या ग्रंथात पश्चिम भारतातल्या छोट्या शहरांतल्या विणकर-व्यापाऱ्यांचा जो अभ्यास केला आहे, त्यात सोलापूरला मोठी जागा आहे. त्याचं म्हणणं असं की हातमाग हा मरणाच्या वाटेवरचा जुनाट धंदा नव्हता. त्यातून कारखानदार नावाचा एक नवा वर्ग उभा राहिला. एका छपराखाली दहा-वीस माग, मजुरांना उचल देऊन बांधून ठेवणं, व्यापाऱ्याशी घासाघीस करून केलेला सौदा. मला हे पटतं, आणि त्याची दुसरी बाजूही दिसते. उचल ही मजुराच्या गळ्यातली दोरी होती. घरातल्या बायका-मुलांनी कांड्या भरायच्या, त्याचे पैसे वेगळे नाहीत. पुढे त्याच घरांतल्या बायका विड्या वळायला लागल्या आणि सोलापूर हे विडी कामगार स्त्रियांचं मोठं केंद्र झालं. त्यांच्या घरांसाठी कुंभारीला जी वसाहत उभी राहिली तिच्यामागे माजी आमदार नरसय्या आडम यांची कित्येक वर्षांची चळवळ आहे.

हातमागाच्या जागी यंत्रमाग आला आणि लुगड्याच्या जागी चादर. सोलापुरी चादर एकदा हातात घेऊन नीट बघावी. ती दुहेरी विणीची असते. एका बाजूला लाल जमिनीवर पांढरं फूल दिसतं, तर उलटवली की पांढऱ्या जमिनीवर लाल फूल. उलटी बाजू अशी नाहीच. हे साधतं ते मागाच्या डोक्यावर बसवलेल्या जकार्डमुळे. पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना छिद्रं पाडलेली असतात. पट्टी फिरत पुढे आली की जिथं छिद्र आहे तिथला आकडा वर जातो, त्याला बांधलेले ताण्याचे धागे वर उचलले जातात आणि धोटा त्यांच्याखालून निघून जातो. एका फुलासाठी अशा शेकडो पट्ट्या ओळीने शिवून माळ करावी लागते. नक्षी आधी चौकटीच्या कागदावर, मग पट्टीवर, मग कापडावर. एका पट्टीतलं एक छिद्र चुकलं तर ती चूक प्रत्येक फुलात, प्रत्येक चादरीत येत राहते. हे काम करणारे कारागीर गावात होते आणि आता कमी होत चाललेत. भौगोलिक मानांकन मिळालेल्या महाराष्ट्रातल्या अगदी सुरुवातीच्या वस्तूंत सोलापुरी चादर आणि टॉवेल आहेत. मात्र मानांकन असूनही दुसरीकडची चादर सोलापुरी म्हणून सर्रास विकली जाते, आणि त्यावर धडपणे कारवाई होत नाही, हे संताप आणणारं आहे.

गिरण्यांच्या सुवर्णकाळाबद्दल बोलताना एक गोष्ट टाळली जाते. ती टाळू नये. गुन्हेगार जमाती कायद्याखाली सोलापुरात सेटलमेंट होती. पारधी, कैकाडी, मांग गारुडी अशा जमातींच्या माणसांना जन्माच्या आधारावर गुन्हेगार ठरवून तारेच्या कुंपणात ठेवलं गेलं. हजेरी द्यायची, परवान्याशिवाय बाहेर जायचं नाही, आणि काम करायचं गिरणीत. गिरण्यांना स्वस्त आणि पळून जाऊ न शकणारे मजूर मिळाले. हा कायदा रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, म्हणजे देश स्वतंत्र झाल्यावर पाच वर्षांनी. सेटलमेंट हे नाव आजही त्या भागाला आहे. सोलापूरच्या औद्योगिक वैभवाचा कुठलाही आढावा या माणसांच्या श्रमाशिवाय अपुरा आहे.

१९३० बद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे, म्हणून थोडक्यात. गांधीजींच्या अटकेनंतर ८ मे रोजी गोळीबार झाला, पुढचे काही दिवस इंग्रजांची सत्ता गावात उरली नाही आणि १२ मे पासून ३० जूनपर्यंत मार्शल लॉ होता. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली. चार हुतात्म्यांची ही नावं शेजारी ठेवून वाचली तर लिंगायत, मराठा, मारवाडी आणि मुसलमान असं बाजारपेठेतलं अख्खं सोलापूर त्यांत आहे. मंजिरी कामत यांनी सोलापूरच्या कामगार चळवळीवर आणि राष्ट्रीय आंदोलनावर केलेलं संशोधन या दिवसांकडे गिरणीच्या आणि बाजाराच्या अशा दोन्ही बाजूंनी बघतं. ते मराठीत यायला हवं.

जुन्या मिलचा शेवट तर कायद्याच्या पुस्तकात जाऊन बसला आहे. ऑगस्ट १९४९ मध्ये गैरकारभारामुळे मिल बंद पडली. हजारो कामगार बेकार झाले. जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढून मिलचा ताबा घेतला, संचालक हटवले, आपले नेमले. भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेले. पहिला खटला, चरणजितलाल चौधरींचा, डिसेंबर १९५० मध्ये सरकारच्या बाजूने लागला. दुसऱ्यात द्वारकादास श्रीनिवास यांनी, सरकारने नेमलेले संचालक आमच्याकडून शेअरची उरलेली रक्कम मागू शकत नाहीत, असं म्हटलं. मालमत्ता हिरावून घेऊन मोबदला न देणं घटनेत बसत नाही, असा निकाल न्यायालयाने डिसेंबर १९५३ मध्ये दिला. १९५५ च्या चौथ्या घटनादुरुस्तीमागे जे निकाल होते त्यांत हा एक महत्त्वाचा. मालमत्तेचा हक्क आणि कामगारांचं पोट यांत नवं प्रजासत्ताक कोणत्या बाजूला उभं राहणार, या प्रश्नाचा पहिला मोठा झगडा सोलापूरच्या गिरणीवरून झाला, हे इथल्या मुलांना शाळेत सांगितलं जात नाही. मिल नंतरही फार काळ तगली नाही. १९६० च्या दशकात ती कायमची बंद झाली. लक्ष्मी-विष्णू १९९० च्या दशकात गेली. हजारो घरांचं रोजचं वेळापत्रक त्या भोंग्यांवर चालायचं.

इथं हॉलंडमधल्या लायडन शहराची आठवण करणं उपयोगाचं आहे. १५७४ चा स्पॅनिश वेढा उठल्यावर लायडनला फ्लँडर्समधून युद्धाने उखडलेले विणकर येऊ लागले. त्यांनी नव्या तऱ्हेचं लोकरी कापड आणलं आणि शंभर वर्षांत लायडन युरोपातल्या सर्वांत मोठ्या कापड-शहरांत गणलं गेलं. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात साठ-सत्तर हजारांवर गेलेली वस्ती पुढच्या शतकात धंदा बसल्यावर तीस हजारांच्या आसपास आली. बाहेरून आलेले विणकर, त्यांच्या जोरावर आलेलं वैभव, मग उतरती कळा, हा क्रम आपल्या ओळखीचा आहे. फरक पुढे आहे. १६४० मध्ये कापड तपासून त्यावर शिक्का मारण्यासाठी त्या शहराने जी इमारत बांधली, तिच्या दर्शनी भिंतीवर लोकर ते कापड असे कामाचे टप्पे दगडात कोरले आहेत. धंदा संपला, पण इमारत पाडली नाही. १८७४ मध्ये तिचं संग्रहालय झालं. त्याच वर्षी सोलापुरात पहिल्या गिरणीची कंपनी निघाली. आज आपल्याकडे गिरण्यांच्या जमिनींचं काय झालं हे कोणीही जाऊन पाहावं. एखाद्या गिरणीचं एक खातं, दोन साचे, मजुरांचे हजेरीपट, जकार्डच्या पट्ट्या, पेढ्यांच्या मोडीतल्या आणि कन्नडातल्या वह्या एका जागी नीट मांडलेल्या आहेत असं कायमस्वरूपी कापड-संग्रहालय या गावाला हवंच, आणि ते महापालिकेने आणि विद्यापीठाने मिळून करावं, अशी माझी मागणी आहे.

लेखनाचा विचार केला तर पाया दोन पुस्तकांनी घातला. १८८४ चा मुंबई गॅझेटियरचा सोलापूर खंड, आणि धनंजयराव गाडगीळांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेला सोलापूर शहराचा सामाजिक-आर्थिक अभ्यास. गॅझेटियर प्रशासकाच्या नजरेने लिहिलेलं आहे, त्यात रस्ते, भाव आणि पेठा मिळतात. गाडगीळांकडे घरं, मजुरी, धंदे आणि कुटुंबं येतात. दोन्ही इंग्रजीत. मराठीत हुतात्म्यांवर, सिद्धेश्वरावर आणि गिरणी कामगारांवर चांगलं लेखन आहे. अडत्यावर, दलालावर, कारखानदारावर, विणकराच्या उचलीवर फार थोडं. व्यापाऱ्याचा इतिहास लिहायला आपल्याकडे एक संकोच आहे, जणू व्यापार म्हणजे नफेखोरीच. तो संकोच सोडल्याशिवाय हे गाव समजणार नाही.

१९०१ मध्ये शहराची वस्ती सुमारे पंचाहत्तर हजार होती. २०११ मध्ये साडेनऊ लाखांवर गेली. म्हणजे गिरण्या बंद झाल्यावरही गाव उठून गेलं नाही. अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रमागांवर टॉवेल विणले जातात आणि परदेशी जातात. शाळेच्या गणवेशांचा नवा धंदा उभा राहिला आहे. २०१७ पासून त्याची प्रदर्शनं भरतात आणि बाहेरच्या राज्यांतले व्यापारी मालाची मागणी नोंदवायला इथं येतात. कांद्याच्या हंगामात सिद्धेश्वर बाजार समितीत कर्नाटकातून आणि मराठवाड्यातून गाड्यांच्या रांगा लागतात, आणि काही दिवशी तिथली आवक लासलगावच्या तोडीची असते. शेतकरी कन्नडात बोलतो, अडत्या मराठीत लिहून घेतो, हमाल दखनीत ओरडतो. गाड्या येतात त्या विजापूर, कलबुर्गी, तुळजापूरच्या जुन्याच रस्त्यांनी.